धुरपाला प्रस्तावना

"एकच ओळ काढायचीय, नाना. बाकी सगळं जसंच्या तसं राहू दे."

कणसेबाई पायरीवरच उभ्या होत्या. हातात प्रस्तावनेचं ओलं प्रूफ, बोटांना छापखान्याची शाई. शाळा अकराची, त्यामुळे साडी शाळेची आणि धाप रस्त्याची. नाना टिपणीस ओसरीत आरामखुर्चीवर डोळ्यांना हिरवी पट्टी बांधून बसले होते. मोतीबिंदू काढून बारा दिवस झाले होते. मी शेजारी स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून दाखवत होतो. नानांना त्या आधी लागत. गेलेल्या माणसाला आपण प्रस्तावना दिली होती की नाही, हे त्यांना चटकन आठवत असे.

"कोण, कणसेबाई का?" नानांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. "या, बसा. मुकुंदा, बाईंना पाणी दे."

"पाणी नको. ओळ काढून द्या."

"कोणती ओळ?"

बाईंनी प्रूफ माझ्यापुढे धरलं. "वाचा मुकुंदराव. तिसऱ्या पानावरची शेवटची."

मी वाचली. "'या अद्भुतरम्य कथा दहा ते चौदा वर्षांच्या बालवाचकांच्या हाती पालकांनी आणि शिक्षकांनी निःशंकपणे द्याव्यात.'"

नानांनी ओळ ऐकली, जिभेवर घोळवली आणि मान डोलावली. "छान आहे की."

"छान आहे, पण खरी नाही. नाना, यात काय काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. मीठ खाणारी राणी शंभर शिपायांच्या रक्तानं हौद भरते. धुरपा अंगावरचं सगळं उतरवून, सुरी दातात धरून त्या हौदात उतरते, राणीचं मुंडकं कापते आणि मिठाच्या गोणीत घालते. हे दहा वर्षांच्या पोरीच्या हातात द्यायचं? आणि तेही शिक्षकांनी?"

"पुराणांत काय कमी मुंडकी उडतात?"

"पुराणं मी लिहिलेली नाहीत. त्यांच्यापायी मला कुणी नोकरीवरून काढणार नाही."

नाना हसले. त्यांचं हसणं सुपारी फुटल्यासारखं असे, एकदाच आणि कोरडं. मग म्हणाले, "बाई, एकशे बारा पुस्तकांना प्रस्तावना दिल्या. एकानंही अजून माझा शब्द बदलायला सांगितलेला नाही. तुम्हाला ओळ नको असेल, तर प्रस्तावनाच काढून टाका. माझी काही हरकत नाही."

हरकत बाईंची होती, आणि ती नानांनाही माहीत होती, मलाही.

आमच्या तालुक्याच्या गावात आणि आजूबाजूच्या दोन-तीन जिल्ह्यांत तेव्हा नानांच्या प्रस्तावनेशिवाय नवं पुस्तक निघत नसे. निवृत्त प्राचार्य, भाषणाला उभे राहिले की घड्याळं हार मानत. कवी यायचे, वैद्य यायचे, एक निवृत्त फौजदार आपले अनुभव घेऊन आला होता. प्रत्येकाच्या हातात हस्तलिखित, नारळ आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची कळा. नानांची नजर सहा वर्षांपासून अधू. म्हणून मी हस्तलिखित वाचून दाखवायचं, त्यांनी सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं, अशी पद्धत होती. गावाला तरी ती तशी माहीत होती. मी नानांचा जुना विद्यार्थी, वय एकतीस, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारा. माझी एक कादंबरी नानांच्या फडताळात तीन वर्षं पडून होती. "पुढच्या दसऱ्याला बघू," असं ते दर दसऱ्याला म्हणत.

वत्सला कणसे जूनमध्ये पहिल्यांदा आल्या त्या नारळाऐवजी नकाशा घेऊन. कन्याशाळेत भूगोल शिकवायच्या. वय छत्तीस, अविवाहित, घरी म्हातारी आई आणि पगार एकटीचा. त्यांनी ओसरीवर बसकण मारली आणि हाताने काढलेला, रंगवलेला नकाशा पसरला. काळ्या खडकाचं पठार, सात दऱ्या, खारं सरोवर.

"हे कुठलं राज्य?" नानांनी विचारलं.

"कुठलंच नाही. मी वसवलंय. पण पाऊस कुठे पडतो, मीठ कुठून येतं, सगळं ठरलेलं आहे. मांत्रिक काही का करेनात, नदी चढावर जायची नाही. माझ्या राज्यात तेवढा नियम आहे."

"म्हणजे ऐतिहासिक का?"

"तलवार आहे, इतिहास नाही. मंत्र आहेत, देव नाहीत."

"मग आहे काय?"

"धुरपा आहे," बाई म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या. "राजकन्या नाही, शापित नाही, सुंदर तर मुळीच नाही. ज्वारीच्या दोन पायल्यांवर तलवार चालवते. एका मांत्रिकानं गावाच्या सावल्या विकत घेतल्या, तर ही त्याला ऐन दुपारी उन्हात उभं करते आणि विचारते, तुझी कुठंय? अशा नऊ गोष्टी आहेत. बारा वर्षं लागली."

नानांना धुरपा हे नाव पसंत नव्हतं, हे त्यांच्या नाकपुडीवरून मला कळलं. पण ते म्हणाले, "ठेवून जा."

जाताना बाईंनी मूळ मुद्दा सांगितला. बाई चतुर होत्या, पण आडपडदा ठेवण्याइतक्या नव्हत्या. "नाना, शाळेत मी अजून तात्पुरतीच आहे. पुढच्या जूनमध्ये कायम करणार आहेत. निकम छापायला तयार झालेत, ते आत्ताच. पुढच्या वर्षी त्यांचं मन कुठे असेल सांगता येत नाही. पण पुस्तक निघालं की स्टाफरूममध्ये कुजबुज होणार, मास्तरीण जादूटोण्याचं लिहिते, रक्तामांसाचं लिहिते. तुम्ही आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहात. तुमची प्रस्तावना असली की कुणी तोंड उघडणार नाही."

"म्हणजे मी तुमची ढाल."

"धुरपा ढाल वापरत नाही. मला मात्र लागते."

फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मला म्हणाल्या, "तुम्हीही लिहिता म्हणे?"

"एक कादंबरी आहे."

"कशावर?"

"एका संवेदनशील प्राध्यापकाच्या घुसमटीवर."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "तलवार आहे का त्यात एखादी?"

गमतीत म्हणाल्या, मीही हसलो. माझ्या स्वभावाला हिशेब ठेवायची खोड आहे. कोण काय बोललं, कुणाच्या देखत, कुठल्या सुरात, ते आपोआप जमा होत जातं. तेही झालं.

तर त्या सकाळी ओळीवरून नाना अडले आणि बाई उठल्या. फाटकापाशी त्यांनी मला गाठलं.

"मुकुंदराव, तुम्ही सगळं वाचून दाखवलंत ना त्यांना? हौद वगैरे?"

"दाखवलं."

"मग असं कसं लिहिलं त्यांनी?"

"मोठ्या माणसांचं आपल्याला काय कळणार?"

"तुम्ही जरा सांगा ना. दुपारी डोळ्यांत औषध घालता तेव्हा. तुमचं ऐकतात ते."

"बघतो."

मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई निकमांच्या छापखान्यात आल्या, आणि मीही तिथेच होतो. नानांच्या सहीचा ब्लॉक परत न्यायला गेलो होतो. बाबूराव निकम स्टँडसमोर छापखाना चालवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि वर्षाकाठी चार पुस्तकं. अंगानं आडवे, मनानं भाबडे, आणि नानांच्या नावापुढे कधी चप्पल घालून न बोलणारे. कथांचे सगळे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे ताव, छापून थप्पी लागली होती. प्रस्तावनेचा फर्मा नेहमी शेवटी छापतात. त्याचे शिशाचे खिळे जुळून लोखंडी चौकटीत घट्ट बसलेले, मशीनवर चढायचे बाकी होते.

"बाई, पेढे आणा," निकम म्हणाले. "नानांनी तुमच्या पुस्तकाला मोठा दरवाजा उघडून दिलाय. मुलांसाठी म्हटलंय! शाळांच्या ग्रंथालयांची खरेदी दिवाळीनंतर निघते. नानांचं नाव आणि ही ओळ, बस्स. तलवार-मंतरचं पुस्तक घेऊन मी वाचनालयांच्या दारात हिंडणार होतो, आता शाळा घ्यायला येतील."

"म्हणूनच ती ओळ नकोय मला, बाबूराव. आमचीही शाळा घेईल."

"मग घेऊ दे की! आपल्याच बाईंचं पुस्तक."

"तुम्ही वाचलंय का ते?"

"मी छापतो, बाई. वाचायला वेळ कुठाय?"

बाईंनी चौकटीकडे बोट केलं. "ही ओळ उचलायला किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं. शेवटचीच आहे, खाली पट्टी भरली की झालं." निकमांनी कान खाजवला. "पण नानांचा शब्द. असं कसं उचलणार? उद्या त्यांना कळलं तर?"

"त्यांना वाचता येत नाही."

"देवालाही वाचता येत नाही, म्हणून काय पोथीची पानं फाडायची?" मग निकमांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा, घोणे आहेत ना. नानांच्या घरचा माणूस. घोणे, तुम्ही नुसती मान हलवा. मी आत्ता ओळ उचलतो. उद्या नाना बोलले तर सांगेन, घोण्यांना विचारून केलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, मला वाटतं एवढंच होतं, की हा माणूस आता मान हलवणार. त्यांनी पर्ससुद्धा खांद्याला लावली, निघायच्या तयारीनं.

मी म्हणालो, "नानांना विचारल्याशिवाय नको."

"अहो, काल विचारलं ना!"

"आणि ते नाही म्हणाले ना?"

निकमांनी सुस्कारा टाकला. बाई चौकटीवर वाकल्या. आरशात दिसावीत तशी ती उलटी अक्षरं त्यांनी बोटानं चाचपली, मग म्हणाल्या, "सगळी प्रस्तावनाच काढली तर?"

"मग हे पुस्तक माझ्याही नावावर नको," निकम म्हणाले. "नानांची दिलेली प्रस्तावना परत केली, असं गावभर झालं तर मला इथे पत्रिकासुद्धा छापायला मिळणार नाहीत. आणि तुमचं काय, बाई? संस्थेत तेच बसलेत."

बाई हसल्या, पण हे हसणं आधीच्या हसण्यांपैकी नव्हतं. "छापा," म्हणाल्या. "पोरी भूगोलाचं पुस्तक उघडत नाहीत, हे कशाला उघडतील."

दसऱ्याला प्रकाशन झालं. निकमांनी हौसेनं टेबलावर पुस्तकांशेजारी खरी तलवार ठेवून तिला झेंडूची माळ घातली. 'सातव्या दरीची तलवार', वत्सला कणसे. नाना पंचेचाळीस मिनिटं बोलले. लहान मुलांच्या कल्पनाशक्तीवर बोलले, आजीच्या गोष्टींवर बोलले, पऱ्यांवर बोलले. पुस्तकात परी एकही नव्हती. बाई मान खाली घालून तलवारीच्या मुठीकडे पाहत होत्या. त्यांच्या आईंनी मात्र पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि छातीशी धरून घरी नेलं.

दिवाळीनंतर शाळांनी पुस्तक घेतलं. कन्याशाळेनं चार प्रती घेतल्या, मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेनंतर बाईंचं कौतुक केलं आणि नानांची शेवटची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. झालं, त्या चार प्रती कपाटात राहीनात. मोकळ्या तासाला, डबा खाताना, पोरी घोळक्यानं वाचू लागल्या. मधल्या सुट्टीत मैदानावर धुरपाचा खेळ सुरू झाला, फूटपट्ट्यांच्या तलवारी झाल्या. बाईंनी भूगोलाच्या तासाला सात दऱ्यांचे प्रश्न ऐकून घेतले आणि एकदा मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "घाबरले होते उगाच. मुकुंदराव, त्यांना नदीसुद्धा आवडली हो! एकीनं विचारलं, खारं सरोवर गोड कधी होणार?" त्या वेळी त्या किती सुंदर दिसत होत्या, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबरात सातवी ब मध्ये शिवणाच्या तासाला एका मुलीनं पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी कात्रीनं कापली. मुळापासून. कापून ती डब्यातल्या मिठाच्या पुडीत घातली आणि म्हणाली, "राणी मेली." जिची वेणी गेली तिचे वडील बाजार समितीचे संचालक होते.

जानेवारीत शाळेच्या ऑफिसात चौकशी बसली. मुख्याध्यापिका, संस्थेचे चिटणीस वकील रेठरेकर, आणि नाना. नानांना आता जाड भिंगांचा चष्मा लागला होता, त्यातून त्यांचे डोळे माशासारखे मोठे आणि निर्विकार दिसत. मी त्यांचा हात धरून आलो होतो, म्हणून मलाही खुर्ची मिळाली.

वकिलांनी हौदाचा प्रसंग वाचला. सावकाश, एकेक शब्द चिमटीत धरल्यासारखा. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"कणसेबाई, हे तुम्ही आपल्या मुलींसाठी लिहिलंत?"

"नाही साहेब. मी मोठ्यांसाठी लिहिलं. मुलींसाठी आहे असं प्रस्तावनेत म्हटलंय."

खोलीत सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. नानांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

"मला जे वाचून दाखवलं," ते म्हणाले, "त्यात असलं काही नव्हतं."

"नाना!" बाई म्हणाल्या. "मी स्वतः ओसरीवर येऊन तुम्हाला हौद सांगितला."

"बाई, मी डोळ्यांना पट्टी बांधून पडलो होतो. कोण येऊन काय बोललं, मला काय आठवणार?"

वकिलांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "घोणे, वाचून तुम्हीच दाखवायचात ना? हा प्रसंग हस्तलिखितात होता?"

बाईंनी माझ्याऐवजी उत्तर दिलं. त्यांनी पिशवीतून हस्तलिखित काढलं, सरळ ते पान उघडलं आणि टेबलावर सरकवलं. "हे बघा साहेब. हीच प्रत नानांकडे होती. प्रस्तावना लिहून झाल्यावर मुकुंदरावांनी परत दिली. समासात बघा."

समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं: 'वा! अंगावर काटा आला.' त्याखाली दोन रेघा.

"हे कुणी लिहिलंय?" वकिलांनी विचारलं.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. छापखान्यात पाहिलं होतं तसंच, हा माणूस आता मान हलवणार.

"मी नाही," मी म्हणालो. "मी लोकांच्या प्रती खराब करत नाही. हस्तलिखित आमच्याकडे आलं तेव्हा ही पानं त्यात नव्हती. नंतर घातली असावीत. आणि हे समासातलं बाईंचंच असेल."

टेबलावरचा पृथ्वीगोल मुख्याध्यापिकांच्या पदराचा धक्का लागून थोडा फिरला आणि थांबला.

मग बाई हसल्या. "लिहून घ्या साहेब. ही बाई स्वतःच्याच गोष्टीला स्वतःच वा म्हणते, आणि तिच्याच अंगावर काटाही येतो." मग हसू पुसून म्हणाल्या, "घोण्यांना कागद द्या. हेच चार शब्द लिहायला सांगा. लगेच कळेल."

वकिलांनी पेनाचं टोपण काढलं. काढलं, एवढं मी त्यांच्या बाजूनं मांडतो.

नानांनी काठी जमिनीवर आपटली. "रेठरेकर, माझ्या घरच्या माणसाची अक्षरं तपासायची? एका तात्पुरत्या मास्तरणीच्या सांगण्यावरून?"

टोपण परत पेनाला लागलं.

आता उरलेलं सांगून टाकतो. नानांना मी धुरपाची एक ओळही वाचून दाखवलेली नव्हती. त्या सहा वर्षांत कुठलंच हस्तलिखित वाचून दाखवलेलं नव्हतं. नाना विचारायचे, "बरं आहे की वाईट?" मी सांगायचो, ते म्हणायचे, "मग तीन पानं लिही," किंवा "दीड पान पुरे." खाली ते सही करायचे, तीही मी बोट धरून दाखवलेल्या जागी. ती शेवटची ओळ नानांनी बाईंच्या देखतच पहिल्यांदा ऐकली. ती मी लिहिली होती, सगळ्या नऊ कथा दोनदा वाचून, पेन्सिल हातात घेऊन.

मला बाईंची नोकरी घालवायची नव्हती. एवढी मोठी उडी माझ्या दुष्टपणाला झेपणारी नव्हती. मला फक्त त्यांना मोठ्यांच्या पंगतीतून उठवून मुलांच्या पंगतीत बसवायचं होतं. एकदा बालसाहित्य म्हटलं की मोठे समीक्षक हात लावत नाहीत, चर्चासत्रात नाव निघत नाही, आणि माझी घुसमट बाहेर येईल तेव्हा तिच्या शेजारी ही तलवार उभी असणार नाही. साधी सोय होती. छापखान्यात मान हलवली असती तर सोय गेली असती. ऑफिसात हलवली असती तर मीही गेलो असतो.

फेब्रुवारीत बाईंना पत्र मिळालं. कायम होण्याचं लांबच, त्याच महिन्याअखेर सेवा समाप्त. शाळांनी प्रती परत केल्या. निकमांनी नानांची लाज राखायला प्रत्येक प्रतीतून प्रस्तावनेचा फर्मा सोडवून काढला आणि उरलेलं पुस्तक शहरांतल्या वाचनालयांना दिलं. तिथे ते पाठ सुटेपर्यंत, शिवण उसवेपर्यंत वाचलं गेलं असं निकमच सांगायचे. लोक म्हणत, दुसरा भाग आहे का? बाई तोवर आईंना घेऊन फलटणला भावाकडे गेल्या होत्या. निकमांनी त्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आईंच्या हातचं एक कार्ड आलं, की वत्सला आता लिहीत नाही, कृपया तिला विचारू नये.

चौकशीच्या दिवशी मी नानांना घरी घेऊन चाललो होतो. बाजारपेठेत वळल्यावर त्यांनी माझा दंड दाबला.

"मुकुंदा, एक सांग. कशा होत्या रे त्या गोष्टी? खरोखर?"

ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. खरं बोलायला काहीच किंमत पडत नव्हती.

"ठीक होत्या," मी म्हणालो.

"मला वाटलंच." नाना चार पावलं चालले. "तुझी ती कादंबरी काढ उद्या फडताळातून. बरीच वर्षं झाली. निकमला मी सांगतो. प्रस्तावना... तूच लिही चार पानं, मी सही करतो."

स्वतःच्या पुस्तकाची तारीफ स्वतः लिहायला माणसाला जड जातं म्हणतात. मला संध्याकाळपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. कारण बाईंच्या पुस्तकाला मी आधी एक प्रस्तावना लिहिली होती. पहिल्या वाचनानंतर, एका बैठकीत, आयुष्यात एकदाच न थांबता. चार पानं. तीत म्हटलं होतं, की ही लेखणी कुणाच्या मागून आलेली नाही. आता हिच्या मागून कोण येतं ते पाहायचं. ती मी घडी करून ठेवली होती आणि मग दुसरी, बालवाचकांची लिहिली होती. आता घडी उलगडली. 'लेखिका' होतं तिथे 'लेखक' केलं. धुरपा काढून माझा प्राध्यापक घातला. हौदाचा परिच्छेद कुठेच बसेना, तो गाळला.

कादंबरी निघाली. परीक्षणं दोन आली, आणि दोन्हींनीही कादंबरीला एकेक वाक्य देऊन बाकी सगळी जागा प्रस्तावनेला दिली. अशी प्रस्तावना मराठीत कित्येक वर्षांत झाली नाही, असं एकानं लिहिलं. मी ते नानांना ओसरीवर वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"हं," ते म्हणाले. "ती मी फार मनापासून लिहिली होती रे."